अर्धे उत्तर



मशिदीच्या इमामाला रोज प्रश्न विचारले जातात. वुजू, जकात, वारसाहक्क, कर्ज, नोकरी यांविषयीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे ग्रंथांत असतात आणि ती सांगणे अवघड नसते. उत्तर पूर्ण सांगणे मात्र अवघड असते. गेल्या हिवाळ्यात मी एका मुलीला अर्धे उत्तर दिले. ते खोटे नव्हते, तरी अर्धेच होते. त्याचा परिणाम काय झाला आणि उरलेले उत्तर मला कोठे सापडले, हे आज आपल्यापुढे ठेवीत आहे. हा प्रश्न एका घरापुरता नाही. उद्या तो आपल्याही दारात उभा राहू शकेल.

नंदुरबारला हिवाळा म्हणजे मिरचीचा हंगाम. शहराभोवतालच्या पथारींवर लाल मिरची दूरवर पसरलेली असते आणि वारा फिरला की मोहल्ल्यातही ठसका लागतो. अशाच एका पथारीवर हिशेब लिहिणारे आमच्या जमातीतील एक गृहस्थ असरच्या नमाजनंतर आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मुलगी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला होती. तिच्या हातात मिठाईचा रिकामा डबा होता. तिने झाकण उघडले. आत कापसावर अंगठ्याएवढे प्राणी मांडलेले होते : ससा, मांजर, कासव, पोपट आणि एक तांबूस घोडा. घोड्याच्या कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडू पाहत होती. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत भरणारा घोड्यांचा बाजार ज्यांनी पाहिला आहे, ते मारवाडी घोड्याचे हे कान चटकन ओळखतील. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेला घोडा तिने आठवणीतून घडवला होता.

हे प्राणी ज्या पदार्थाचे होते, त्याला पॉलिमर क्ले म्हणतात. नावात माती असली तरी ती माती नव्हे. पीव्हीसी या प्लास्टिकची भुकटी आणि तिला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य यांचा तो रंगीत गोळा असतो. तो हवेत वाळत नाही. ओव्हनमध्ये साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअस उष्णतेत पंधरा ते तीस मिनिटे भाजला की कायमचा कडक होतो. मुलगी हे सारे मोबाइलवर पाहून शिकली होती. या आकृत्यांना कडी लावून ती किल्ल्यांचे जुडगे करी आणि विकत असे.

वडील म्हणाले, "मौलाना साहेब, हिच्या कॉलेजचा खर्च यातून निघतो. पण लोक म्हणतात, हे बुत बनवण्याचे काम आहे. आपण सांगा, जायज आहे की नाही?"

मी बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आलेली हदीस सांगितली. सजीवांच्या आकृती घडवणाऱ्यांना कयामतच्या दिवशी, तुम्ही जे घडवले त्यात प्राण ओता, असे फर्मावले जाईल आणि ते त्यांना जमणार नाही. मग म्हणालो, "बेटा, हे काम सोडून दे." सारे दोन मिनिटांत आटोपले. मुलीने काहीही विचारले नाही. तिने झाकण लावले आणि ती वडिलांच्या मागून निघून गेली.

तीन आठवड्यांनी वडील पुन्हा भेटले. म्हणाले, "मौलाना, पोरीने तुमचे ऐकले, सगळे बंद केले. खर्चाचे मी पाहीन, देणारा अल्लाह आहे. पण आता ती कशालाच हात लावत नाही. मेहंदीसुद्धा काढत नाही." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला अधिक लागले. त्या रात्री मी ग्रंथ पुन्हा उघडले.

मनाई कशाची आहे?

वाचकहो, मी ती हदीस मागे घेत आहे, असे कृपया समजू नका. ती प्रमाणित आहे आणि चारही मजहबांतील बहुसंख्य फुकहांनी तिच्याच आधारे सजीवाची पूर्ण घनाकृती घडवणे निषिद्ध मानले आहे. 'आता कोण मूर्ती पुजतो, मग मनाई कसली?' असे म्हणून ती बाजूला सारणे ही घाई आहे. मात्र मनाई कशासाठी आहे हे समजून न घेता ती दुसऱ्याच्या डोक्यावर आपटणे, हीदेखील घाईच आहे. ही दुसरी घाई माझ्या हातून झाली.

तीच आकृती निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळा अर्थ धारण करते. आपल्या जिल्ह्यात पोळ्याआधी कुंभार बांधव मातीच्या बैलजोड्या बाजारात आणतात. ज्यांच्या दावणीला बैल नाहीत, अशा घरी या जोडीची पूजा होते, आणि अशाच बैलांशी मुले अंगणात खेळतानाही दिसतात. शेजारच्या गुजरातेत छोटा उदेपूर भागातील राठवा आदिवासी भाजलेल्या मातीचे घोडे आपल्या देवस्थानी अर्पण करतात. त्यांची श्रद्धा त्यांच्यापाशी. शेजाऱ्याच्या श्रद्धेची टिंगल करण्याची मुभा आपला दीन आपल्याला देत नाही. आपण एवढेच ध्यानात घ्यावे की, माती तीच आणि आकारही तोच असतो. फरक पडतो तो तिच्यापुढे उभ्या राहणाऱ्या हृदयात. सूरह अल-अंबियामध्ये (२१:५२) ह. इब्राहीम (अ.) आपल्या लोकांना विचारतात की, ज्या आकृतींपाशी तुम्ही ठाण मांडून बसला आहात, त्या आहेत तरी काय? हृदयाने असे ठाण मांडू नये, म्हणून शरीयतने बरेच अलीकडे कुंपण घातले आहे.

दुसरे कारण बरोबरी करण्याचे आहे. एका हदीसमध्ये अल्लाहचे असे फर्मान आले आहे की, जो माझ्यासारखी निर्मिती करू पाहतो, त्याच्याहून अधिक जालिम कोण? त्याने एक कण, एक दाणा तरी निर्माण करून दाखवावा. सूरह अल-हश्रच्या अखेरीस (५९:२४) अल्लाहची जी नावे येतात, त्यांत 'अल-मुसव्विर' म्हणजे रूप देणारा हे नाव आहे. माणसाचा हात आकार देतो तेव्हा एका अर्थी तो या नावाच्या उंबरठ्यावर उभा असतो. तेथे त्याला आपली मर्यादा आठवली पाहिजे. ह. ईसा (अ.) यांनी मातीचा पक्षी घडवून त्यात फुंकर घातली आणि तो जिवंत झाला, हा प्रसंग कुरआनमध्ये दोन ठिकाणी आहे (३:४९ आणि ५:११०). दोन्ही ठिकाणी हे अल्लाहच्या आज्ञेने घडले, असे आवर्जून सांगितले आहे. प्रेषिताच्या हातालाही आज्ञा लागते, मग आपल्या हाताचे काय?

तिसरे कारण मानाच्या जागेचे आहे. ह. आएशा (र.) यांनी चित्रे असलेला पडदा लावला, तेव्हा प्रेषित (स.) यांनी तो उतरवला. त्याच कापडाचे त्यांनी तक्के केले, तेव्हा ते घरात वापरात राहिले. कापड फेकले गेले नाही, त्याची जागा बदलली. आपल्या दिवाणखान्यांतील काचेच्या कपाटांत संगमरवरी हत्ती आणि पितळी सिंह दिमाखाने उभे असतात, त्यांच्याकडे पाहताना ही घटना आठवावी.

बाहुल्या आणि पंखांचा घोडा

आता दुसरी बाजू पाहू. तीही त्याच हदीसग्रंथांत आहे आणि मी ती मुलीला सांगितली नव्हती.

ह. आएशा (र.) यांच्याजवळ बाहुल्या होत्या. त्या मैत्रिणींबरोबर खेळत असत. प्रेषित (स.) घरात आले की मैत्रिणी लाजून लपत आणि प्रेषित (स.) त्यांना पुन्हा खेळायला धाडत. अबू दाऊद यांच्या संग्रहात याहून पुढचा प्रसंग आहे. प्रेषित (स.) एका मोहिमेवरून परतले होते. वाऱ्याने कोनाड्याचा पडदा हलला आणि आतल्या बाहुल्या दिसल्या. त्यांच्यामध्ये एक घोडा होता आणि त्याला चिंध्यांचे दोन पंख होते. हे काय, असे त्यांनी विचारले. घोडा आहे, असे उत्तर आले. घोड्याला पंख कसे, असे विचारल्यावर ह. आएशा (र.) म्हणाल्या की, ह. सुलैमान (अ.) यांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकले नाही काय? त्यावर प्रेषित (स.) इतके हसले की त्यांच्या दाढा दिसल्या.

ज्यांच्या मुखातून मनाई आली, त्यांचेच हे हसू आहे. दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय दीन समजत नाही. काजी इयाज (मृत्यू हि. ५४४) यांनी मुलांच्या बाहुल्यांना सवलत असणे हे बहुसंख्य उलमांचे मत म्हणून नोंदवले आहे. ही सवलत पुढे रद्द झाली असे मानणारेही आहेत. टिकाऊ नसलेल्या पदार्थाच्या आकृतीबाबत मालिकी मजहबात दोन मते आढळतात. हनफी मजहबाच्या 'अद-दुर्रुल-मुख्तार' या ग्रंथात तर आपल्या पोळ्याचीच आठवण व्हावी असा एक मसला आहे : मुलाचे मन रमवण्यासाठी कोणी भाजलेल्या मातीचा बैल किंवा घोडा विकत घेतला, तर तो व्यवहार ग्राह्य आहे काय? एक मत असे की, व्यवहार ग्राह्य नाही आणि ते खेळणे कोणी मोडले तर भरपाईही नाही. दुसरे मत असे की, व्यवहार ग्राह्य आहे आणि मोडणाऱ्याने भरपाई द्यावी. इमाम अबू यूसुफ यांच्याकडून खेळण्यांची विक्री आणि मुलांनी त्यांच्याशी खेळणे जायज असल्याचे मतही तेथेच नोंदवले आहे. लेकराच्या हातातील मातीच्या घोड्याचा हक्क काय, यावर विचार करायला आपल्या विद्वानांना सवड होती. मला मात्र दोन मिनिटांपेक्षा अधिक सवड झाली नाही.

मी मुफ्ती नाही आणि हा लेख फतवा नाही. आपल्या घरातील प्रश्न आपल्या भरवशाच्या मुफ्तींना विचारावा. पण एका गोष्टीची लाज वाटल्यावाचून राहत नाही. आपल्यापैकी जवळपास प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे आणि त्यात शेकडो छायाचित्रे आहेत. लग्नात चित्रीकरण होते तेव्हा आपण पुढच्या रांगेत बसतो. छायाचित्राबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत, म्हणून आपण सवलतीचे मत धरतो आणि निश्चिंत होतो. एका मुलीचा अंगठ्याएवढा ससा समोर आला की मात्र आपल्याला सर्वांत कठोर मत आठवते. कठोर मत धरायला हरकत नाही, ते तकव्याचे लक्षण असू शकते. पण तो कठोरपणा आधी स्वतःवर लागू व्हावा. नेहमी दुर्बलाच्याच वाट्याला येणाऱ्या कठोरपणाला तकवा म्हणता येत नाही.

उरलेली हदीस

मी मुलीला जी हदीस सांगितली, तिचा उरलेला भाग ह. अब्दुल्लाह इब्ने अब्बास (र.) यांच्या एका प्रसंगात आहे. एक कारागीर त्यांच्याकडे आला. माझा चरितार्थ हाताच्या कामावर चालतो आणि मी अशा आकृती घडवतो, असे त्याने सांगितले. मुस्लिम यांच्या संग्रहात असा तपशील येतो की, इब्ने अब्बास (र.) यांनी त्याला जवळ बोलावले, मग आणखी जवळ बोलावले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्यानंतर प्रेषितांकडून ऐकलेली मनाई त्यांनी त्याला सांगितली. बुखारी यांच्या संग्रहात पुढचे आहे. ऐकताच त्या माणसाला धाप लागली आणि त्याचा चेहरा पिवळा पडला. तेव्हा इब्ने अब्बास (र.) यांनी सांगितले की, तुला हे काम करायचेच असेल तर झाडे कर, ज्यांत प्राण नाही अशा वस्तू कर.

मदरशात ही हदीस मी सनदीसह पाठ केली होती, परीक्षेत लिहिली होती. पण ज्या दिवशी तिची गरज पडली, त्या दिवशी मी मधलाच तुकडा उचलला. डोक्यावरचा हात राहून गेला आणि झाडही राहून गेले.

मनाई सांगणे हा उत्तराचा एक भाग आहे. समोरच्याचा चेहरा पिवळा पडला आहे हे पाहणे हा दुसरा आणि त्याच्या हाताला दुसरे काम दाखवणे हा तिसरा. इब्ने अब्बास (र.) यांनी त्या कारागिराला कारागिरी सोडायला सांगितले नाही. त्याचे हात हा अल्लाहने दिलेला ठेवा आहे, हे त्यांनी गृहीत धरले आणि त्या हातांना दिशा दिली. माझे म्हणणे एवढेच आहे : जो कोणाच्या रोजीचे दार दीनच्या नावाने बंद करतो, त्याच्यावर दुसरे दार शोधून देण्याची जबाबदारी येते. ती न घेता दिलेले उत्तर अर्धे राहते, आणि अर्ध्या उत्तराने माणूस कामाबरोबर दीनपासूनही दूर जाऊ शकतो.

एका रात्री इशानंतर मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो. आई, वडील आणि मुलगी समोर बसली. मी म्हणालो, "बेटा, त्या दिवशी मी तुला अर्धी हदीस सांगितली. ती माझी चूक होती. आज उरलेली सांगायला आलो आहे." मग मी सारा प्रसंग सांगितला, पंखांच्या घोड्याचाही सांगितला. ती ऐकत होती. शेवटी तिने पहिल्यांदाच प्रश्न विचारला, "मौलाना, त्या माणसाने नंतर झाडे केली का?"

मी म्हणालो, "हदीसमध्ये ते आलेले नाही."

तिची आई म्हणाली, "केली असतील. एवढ्या मायेने सांगितल्यावर कोण करणार नाही?"

आपल्या घरासाठी

पुढची हकीकत फार मोठी नाही. मुलगी आता पळसाची फुले, कैऱ्या, ज्वारीची कणसे, ताटलीतली भाकरी आणि ठेचा असे काही बनवते. नंदुरबारची लाल मिरची तर इतकी हुबेहूब करते की पाहणाऱ्याला शिंक यावी. तिचे उत्पन्न पूर्वीपेक्षा घटले आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. ससे आणि मांजरे मागणारे गिऱ्हाईक अजून येते आणि ती नम्रपणे नकार देते. या नकाराची किंमत ती भरते आहे, तेव्हा जमातीनेही काही भरावे, म्हणून आमच्यातील एका वही-पुस्तकांच्या दुकानदारांनी तिच्या वस्तू आपल्या दुकानात मांडल्या आहेत. सारंगखेड्याचा तो घोडा तिने फेकला नव्हता. आता तो तिच्या चार वर्षांच्या भावाकडे आहे. त्याचा एक कान केव्हाच तुटला आहे आणि दिवसातून दहा वेळा तो जमिनीवर आपटतो. काचेच्या कपाटात गेला असता तर मला चिंता वाटली असती. या अवस्थेत त्याची कोणी पूजा करील, अशी भीती नाही.

आपल्या घरी असे हात असलेले मूल असेल, तर काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. त्याला पहिल्यांदा जवळ बसवा, मग मर्यादा सांगा. फुले, फळे, झाडे, डोंगर, घरे, भातुकलीची भांडी आणि सुंदर अक्षरे यांचे दालन केवढे मोठे आहे, ते त्याला दाखवा. पॉलिमर क्ले वापरत असाल तर पुडीवर लिहिलेल्या उष्णतेपेक्षा अधिक तापवू नका, कारण हे प्लास्टिक करपले की त्यातून अपायकारक धूर निघतो. खिडकी उघडी ठेवा आणि या पदार्थाच्या वाट्या-ताटल्या प्रत्यक्ष खाण्यासाठी वापरू नका. हेही सांगा की, तापीची माती पाण्यात विरघळून परत मातीत जाते, हे प्लास्टिक जात नाही. म्हणून थोडे करा, चांगले करा, वाया घालवू नका. उधळपट्टी करणाऱ्यांना कुरआनने सैतानाचे भाऊबंद म्हटले आहे (१७:२७), आणि ते केवळ पैशाला लागू नाही.

आणखी एक गोष्ट मुलाला जरूर सांगा. सूरह अर-रहमानमध्ये (५५:१४) माणसाच्या निर्मितीचे वर्णन खापरासारख्या खणखणणाऱ्या मातीपासून असे आले आहे. आपणही घडवलेलेच आहोत. ज्याने घडवले त्याने आपल्यात प्राण फुंकला आणि आपल्या हातांना आकार देण्याची हौसही दिली. ती हौस चिरडून टाकणे हा त्या देणगीचा अवमान आहे आणि तिला मोकाट सोडणे हा देणाऱ्याचा विसर आहे. या दोहोंच्या मधून चालायला शिकवणे हे आई-वडिलांचे काम आहे, उस्तादांचे आहे आणि सर्वांत आधी माझ्यासारख्या इमामांचे आहे.

माझ्या अर्ध्या उत्तरांनी आजवर आणखी किती डबे बंद झाले असतील, हे मला ठाऊक नाही. आपल्यापैकी कोणाचा झाला असेल तर मला क्षमा करावी आणि उरलेले अर्धे मागायला अवश्य यावे.

अल्लाह आपल्या जिभेला सत्य बोलण्याचे आणि ते मायेने बोलण्याचे सामर्थ्य देवो, आपल्या मुलांच्या हातांत हलाल बरकत देवो. आमीन.